मदत हवी आहे : ध्रुव विरुद्ध डोगा, नेमका कोणता अंक?

राज कॉमिक्सच्या हिंदी चित्रकथांच्या जुन्या वाचकांसाठी त्यांच्या दोन नायकांबद्दल प्रश्न. ध्रुव जीव घेत नाही, डोगा मागेपुढे न पाहता गोळी घालतो. एक राजनगर या काल्पनिक शहराचा, दुसरा आपल्या मुंबईचा. या दोघांची तत्त्वावरून समोरासमोर जुंपते अशी कथा मी शोधतोय.

आधीच वाचलेलं सांगतो, म्हणजे तीच नावं परत येणार नाहीत. 'राजनगर की तबाही' वाचलं, पण तो नागराज (त्यांचाच आणखी एक नायक) आणि ध्रुवचा मामला. 'कोहराम'मध्ये डोगा आहे, पण तिथे नायकांची इतकी गर्दी की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार पानं येतात. भांडायला सवड कुणाला! 'नागायण' वरण काण्डापासून इति काण्डापर्यंत, आठही भाग झाले. आवडलं, पण तिथेही केंद्रस्थानी नागराज आणि ध्रुवच.

एका पानावर एकमेकांना ठोसे आणि पुढच्या पानावर गळाभेट, असला गैरसमजाचा मामला नको. वाद शेवटपर्यंत टिकायला हवा, कुणी जिंकलं नाही तरी चालेल.

हिंदी अंक चालतील, इंग्रजी नको. छापील प्रतच हवी, स्कॅन केलेल्या फाइलींचे दुवे कृपया देऊ नका. जुनी प्रत असली तरी हरकत नाही, फक्त पानं पूर्ण हवीत. आता राज कॉमिक्सवाल्या तिघा गुप्ता बंधूंची प्रकाशनं वेगवेगळी झाल्यामुळे पुनर्मुद्रण कोणाकडे बघायचं तेही कळत नाही.

तर अंकाचं नाव काय, तो एकाच भागात संपतो की पुढचे भागही घ्यावे लागतील, आणि सध्या तिघांपैकी कोण छापतंय?