ग्लोब्युलर (गोळ्यासारखी घडी पडलेली) प्रोटीन्स समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?

सायली_बायोकेम: नमस्कार मंडळी, प्रोटीनच्या रचनेच्या प्रायमरी ते क्वाटर्नरी सगळ्या पातळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत, विचारल्या तर घडाघडा सांगेन, पण अमिनो आम्लांच्या साखळीची घडी मुळात पडते का आणि त्या आकाराचा कामाशी काय संबंध हे डोक्यात शिरतच नाहीये. आधी कुठलं प्रोटीन धरू?

रेणूवेडा: मायोग्लोबिन (स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं प्रोटीन), डोळे झाकून. १५३ अमिनो आम्लं, एकच साखळी, ८ अल्फा हेलिक्स (स्प्रिंगसारखे वळसे) आणि खोबणीत हीम (ऑक्सिजन धरणारा, लोह असलेला भाग). प्रोटीन डेटा बँकेच्या साईटवर फुकट बघायला मिळतं, स्पर्म व्हेलचं शोध, केन्ड्र्यूंनी १९५८ मध्ये रचना काढली ती त्याचीच. नुसत्या रिबनवर (साखळी पट्टीसारखी दाखवणारं चित्र) थांबू नकोस. ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन ही पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं एका रंगात कर, लायसिन, ग्लुटामेट ही चार्जवाली दुसऱ्या रंगात, आणि मग मॉडेल मधोमध कापून बघ! पाण्याला टाळणारे बहुतेक आत, चार्जवाले बाहेर, घडी पडण्यामागचा मोठा जोर हाच. आणि आत हीमच्या दोन बाजूंना दोन हिस्टिडिन (हेही अमिनो आम्लच) दिसतील, एकाने लोह धरलंय, दुसरं ऑक्सिजन बसतो त्या बाजूला.

अनघा_एम: +१, पण त्यानंतर लगेच हिमोग्लोबिन घे, खरी मजा तिथे आहे. २ अल्फा, २ बीटा साखळ्या, प्रत्येकीची घडी जवळपास मायोग्लोबिनसारखीच, तरी वागणं वेगळं, कारण ऑक्सिजन बसला की लोह हीमच्या पातळीत सरकतं, सोबत हिस्टिडिनला ओढतं, त्याने हेलिक्स हलतो आणि ती हालचाल शेजारच्या साखळ्यांपर्यंत पोचते, मग पुढचा ऑक्सिजन सहज बसतो. ऑक्सिजनचा दाब वाढेल तसा किती ऑक्सिजन बसतो याचे दोघांचे आलेख एकाच कागदावर स्वतः काढ, मायोग्लोबिनचा झपकन चढतो, हिमोग्लोबिनचा एस आकाराचा येतो. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघच, बीटा साखळीत ६व्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन, बास एवढाच फरक, पण पृष्ठभागावर चिकट जागा तयार होते आणि ऑक्सिजन सुटला की रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात.

सायली_बायोकेम: बापरे, भारी! पण ताई, घडी घालायला चॅपरोन्स (घडी पडताना मदत करणारी प्रोटीन्स) लागतात ना, मग अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकार ठरतो असं कसं म्हणायचं?

अनघा_एम: चॅपरोन्स मुख्यतः अर्धवट घडीच्या साखळ्यांचा गोळा होऊ देत नाहीत, आकार ते ठरवत नाहीत. अॅनफिन्सेन या शास्त्रज्ञाचा रायबोन्युक्लिएज या एन्झाइमवरचा प्रयोग वाच. युरिया आणि मरकॅप्टोइथेनॉल (सिस्टीन या अमिनो आम्लांमधले बंध तोडणारं रसायन) घालून घडी पूर्ण उलगडली, दोन्ही काढून हवेत ठेवल्यावर एन्झाइम परत काम करायला लागलं, तेही टेस्ट ट्यूबमध्ये, कुठलंही चॅपरोन नसताना. या एन्झाइममध्ये ८ सिस्टीन आहेत, त्यांच्या ४ जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, लागल्या मात्र बरोबर त्याच. हे १०५ कसे आले ते कागदावर काढून बघ आणि अडलीस तर इथेच विचार.