'वेल्फेअर'ला मराठीत काय म्हणायचं?

सावरपाटी:
अमेरिकेतल्या सरकारी मदतीच्या वादावर लिहितोय. 'वेल्फेअर डिपेन्डन्सी'ला, म्हणजे सरकारी मदतीवर विसंबून राहण्याला, 'कल्याणकारी अवलंबित्व' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. अवलंबित्व, आणि तेही कल्याणकारी! दुसरा शब्द सुचवा. 'वर्क रिक्वायरमेंट'ला 'रोजगार हमी' चालेल ना?

गोदाकाठ:
'फुकटेगिरी' लिहा, सगळ्यांना कळेल. माणसाला 'आयतोबा'.

डॅलसकर:
कळेल, पण तुम्ही एका पक्षाचं वकीलपत्र घेतलंत असं होईल. इकडे हा शब्दच भांडणाचा आहे. 1787 च्या घटनेच्या सरनाम्यात 'जनरल वेल्फेअर' येतं, तिथे अर्थ सरळ लोककल्याण. विसाव्या शतकात तो आकसत आकसत गरिबांना, त्यातही एकट्या आयांना मिळणाऱ्या रोख पैशापुरता उरला. निवृत्त माणसाच्या सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनला, वेल्फेअर म्हणून बघा, अंगावर येईल! 'आयुष्यभर भरलेत, माझे आहेत.' कमी पगाराच्या नोकरदारांना 1975 पासून एक टॅक्स क्रेडिट मिळतं. भरलेल्या प्राप्तिकरापेक्षा जास्त रक्कम परत येऊ शकते. पण ती रिटर्न भरल्यावर येते, त्यामुळे तिला फारसं कोणी नावं ठेवत नाही.

आणि आयतोबा पुरुष झाला. इकडचा टोमणा बाईला आहे. 1976 च्या प्रचारात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रेगन शिकागोतल्या एका बाईचा किस्सा सांगायचे, अनेक नावं लावून सरकारी पैसा उकळणारी. 'वेल्फेअर क्वीन' हे बिरुद त्या काळात रुळलं. बाई खरी होती, पुढे फसवणुकीत दोषीही ठरली. पण एका ठग बाईपायी लाखो आयांना नाव पडलं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती आई बहुतेक वेळा कृष्णवर्णीयच असायची. हे 'फुकटेगिरी'त कुठून येणार?

जुनी वही:
'डिपेन्डन्ट'चीही गंमत बघा. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात 'एड टू डिपेन्डन्ट चिल्ड्रन' अशी योजना होती. म्हणजे अवलंबून कोण, तर बाप गेलेली किंवा बाप टाकून गेलेली लेकरं. त्यात कोणालाच कमीपणा नव्हता. 1962 मध्ये नावात 'फॅमिलीज' आलं, आणि नंतरच्या वादात अवलंबून असण्याचा दोष लेकरांवरून आईकडे सरकला. टॅक्सच्या फॉर्मवर मात्र 'डिपेन्डन्ट' अजून सोज्वळच आहे, आपल्या अर्जांतल्या 'अवलंबित व्यक्ती'सारखा.

माझं मत: टोमणा असेल तिथे 'वेल्फेअर' देवनागरीत तसाच ठेवा. योजनेबद्दल बोलताना नेमकं लिहा, रोख मदत, अन्नसहाय्य, आरोग्यविमा. आणि 'बेकारी भत्ता' टाळा. तिकडे तो विमा आहे. आधी नोकरी केलेली असावी लागते आणि ती स्वतःच्या चुकीशिवाय गेलेली असावी लागते.

सावरपाटी:
पटलं. रोजगार हमीचं काय?

शब्दवेल्हाळ:
अजिबात नको. अर्थ उलटा होतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोहयो, म्हणजे आधी तासगावचा प्रयोग, मग 1972 चा दुष्काळ आणि 1977 चा कायदा. त्यात मजूर काम मागतो आणि सरकारने ते द्यायचं. हमी सरकारची. अमेरिकेत सरकार म्हणतं, काम तू शोध आणि केल्याचं दाखव, नाहीतर मदत बंद. हमी नाही, अट.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1996 मध्ये सही केलेला कायदा याच अटीचा. जुनी रोख मदत बंद झाली. नवी आली तिच्या नावातच 'टेम्पररी', आणि केंद्राच्या पैशातून मोठ्यांना आयुष्यात एकूण 60 महिन्यांची मर्यादा. त्याच कायद्याने फूड स्टॅम्पवर, म्हणजे सरकारी अन्नसहाय्यावर, मुलंबाळं नसलेल्या 'एबल-बॉडीड' प्रौढांना कामाची अट घातली.

गोदाकाठ:
एबल-बॉडीड म्हणजे धडधाकट! इथे तरी माझा शब्द घ्या. 'चांगला धडधाकट आहेस, काम कर की!' तोच सूर.

शब्दवेल्हाळ:
शंभर टक्के. इंग्लंडच्या जुन्या गरीब-कायद्यांपासून तो सूर आहे.

डॅलसकर:
फक्त 'काम करत नाहीत' हे गृहीत धरू नका. फूड स्टॅम्पवरचे कितीतरी लोक दुकानांत, हॉटेलांत, वृद्धाश्रमांत राबतात. केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडकलंय. फूड स्टॅम्प आता कार्डावर मिळतो, त्या कार्डाचे नियमही बघण्यासारखे. त्यावर कच्ची कोंबडी घेता येते, काउंटरवरची गरम भाजलेली साधारणपणे नाही. दोन पाळ्या करून आलेल्या बाईने घरी जाऊन शिजवायचं.

आणि 'कामाची अट' असं लिहिलंत तरी अर्धंच सांगितलंत. आर्कान्सॉ राज्याने 2018 मध्ये सरकारी आरोग्यविम्याला महिन्याला 80 तासांची अट लावली. तास आधी फक्त ऑनलाइनच भरायचे होते, आणि ते पोर्टल रात्री नऊ ते सकाळी सात बंद! काही महिन्यांत 18,000 हून जास्त लोकांचा विमा गेला. त्यांतले बरेचजण कामावर होते किंवा त्यांना सूट होती, नोंद तेवढी पोचली नव्हती. पुढच्या वर्षी कोर्टाने ते थांबवलं. 2025 च्या कायद्याने तीच 80 तासांची अट आता बहुतेक राज्यांत येते आहे.

सावरपाटी:
मग असं लिहितो: 'महिन्याला 80 तास काम केल्याची नोंद दिल्याशिवाय धडधाकट प्रौढांना तीन महिन्यांपुढे अन्नसहाय्य नाही.'

जुनी वही:
'तीन वर्षांत तीन महिने' करा, नाहीतर दरवर्षी तीन मिळतात असं वाटेल. आणि नुसतं 'काम' नको, प्रशिक्षण आणि स्वयंसेवाही धरतात. 'धडधाकट'ला अवतरणचिन्ह घाला, तो शब्द कायद्याच्या बोलीतला आहे, तुमचा नाही.

गोदाकाठ:
माझा आहे तो. पण घाला.