मे महिन्यात सोलापुरात १/२४ बीटल रंगवायची आहे, चकाकी कशी आणावी?

अशोकचौक_२४

नमस्कार मंडळी. तामिया कंपनीच्या किटमधली प्लॅस्टिकची छोटी गाडी, १/२४ मापाची (खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या हिश्शाची) फोक्सवॅगन १३०० बीटल (१९६६चं मॉडेल) जोडायला घेतली आहे. चेसिस, इंजिन, सीटा झाल्या, आता बॉडी. खोक्यावरच्या चित्रासारखी करायची नाही. खाली मरून, टप पांढरा आणि त्या पांढऱ्यावर सोलापुरी चादरीची नक्षी, असं मनात आहे. वडील चादरीच्या मागावर होते, गाडी त्यांच्यासाठी आहे. त्यामुळे घाई नाही, पण काम नीट व्हायला पाहिजे.

रंग तामियाचेच, स्प्रेच्या डब्यांतले: टीएस-७ पांढरा, टीएस-११ मरून, वरून टीएस-१३ क्लिअर (पारदर्शक चमकीचा थर). एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) नाही. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर मारून बघितलं. दुपारी, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. रंग बसतो, पण हाताला खरखरीत लागतो, चमक नाहीच. शिवाय घराच्या मागं यंत्रमाग आहेत. सुताचा एखादा तंतू येऊन ओल्या रंगावर बसतोच बसतो.

गॅरेजवाला मित्र म्हणतोय, खऱ्या गाडीचा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) मारून देतो, एका हातात काच होईल. द्यावी का त्याच्याकडं? आणि एवढ्याशा टपावर चादरीची नक्षी काढायची कशी?

कोथरूडचा_बेंच

उन्हात मारू नका, एवढं केलंत तरी निम्मं काम होईल. जमलं तर ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घ्या. त्यात रंग पातळ करायला जो लेव्हलिंग थिनर घालतात, त्यात रिटार्डर असतो, रंग उशिरा सुकतो आणि पसरायला वेळ मिळतो. डब्यातल्या रंगात असं काही मिसळता येत नाही.

होटगीरोड_पेंटर

अशोक चौकातलं कुणीतरी हे करतंय हे वाचून फार आनंद झाला. माझा जन्म डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेला, आता हात छोट्या गाड्यांवर चालतो. एअरब्रश चांगलाच, पण या गाडीसाठी थांबू नका, डब्यांनी होतं.

आधी ते टू-के डोक्यातून काढा. खऱ्या गाडीवर सगळा थर मिळून साधारण ०.१ मिमी भरतो. तोच थर १/२४ वर चढवला म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिमी जाडीचा रंग थापल्यासारखं. दाराच्या फटी बुजतात, बॉनेटची कड गोल होते, आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसते. दुसरं, गॅरेजचा थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, खातो. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) कुठं पातळ राहिला की तिथं प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, आणि ते मग कशानंही भरून निघत नाहीत. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन असतं. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाही, फुप्फुसाला कायमचं बाधतं. मित्राला प्रेमानं नाही म्हणा.

आता खरखर. तुमचा रंग खराब नाही, वेळ खराब आहे. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी पारा चाळिसाच्या वर, पत्र्याखाली तर विचारू नका. तुमचे डबे लॅकर जातीच्या रंगाचे, त्यातला थिनर हवेतच उडून जातो, आणि चमच्यावर पोचतो तो अर्धा सुकलेला रंगाचा कण. तो पसरणार कसा? शिवाय तापलेल्या डब्यात दाब वाढतो, फवारा जोरात सुटतो. डबे त्या खोलीत ठेवूच नका. पहाटे उजाडताना मारा. तेव्हा हवा पंचवीस-सव्वीस अंशांवर असते, वाराही पडलेला असतो आणि बहुतेक माग बंद असतात. पावसाळ्यात उलटी तऱ्हा असते, हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसून रंग पांढुरका पडतो. त्या हिशेबानं कोरडा मे तुमच्या बाजूचा आहे.

तंतूंसाठी: खोलीत सडा टाका, भिंतीला हात लावू नका, पंखा बंद. सुती बनियन, टॉवेल त्या खोलीत नको. कोरड्या हवेत प्लॅस्टिक फडक्यानं खसाखसा पुसलं की ते स्वतःच धूळ ओढतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या फडक्यानं एकदाच हलकं पुसा. रंग मारून झाला की लगेच वर मोठा डबा पालथा घाला. कणकेचा स्टीलचा डबा चालतो, आतून ओला हात फिरवून वाळवलेला. एक विनंती: बरेच जण बाथरूममध्ये मारतात, धूळ कमी म्हणून. तिथं गॅस गिझर असेल तर अजिबात नको. स्प्रेचा गॅस पेटतो. खिडकी उघडी आणि तोंडाला काडतूसवाला मास्क, हे दोन्ही हवंच.

बॉडी आधी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल राहिलेलं असतं. सांध्याच्या रेघा ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासा. दारा-बॉनेटच्या फटी रंगाआधी सुईनं थोड्या खोल करून घ्या, चार थरांनंतरही त्या दिसल्या पाहिजेत. मग प्रायमर, तो पांढराच. मरूनखाली पांढरा असला की रंग जिवंत दिसतो, करड्यावर तो मळका होतो.

पहिले दोन हात धुक्यासारखे, प्लॅस्टिक अजून दिसतंय असे. तिसरा हात ओला: वीस सेंटीमीटरवरून, डबा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. थांबून बघायचं, ओला रंग आरशासारखा दिसला की हात आवरायचा. पुढचा हात मारायचा मोह तिथं होतो, तिथंच ओघळ येतात.

टप आधी पांढरा करा, मरून नंतर. लाल जातीचे रंग वरच्या पांढऱ्यात उतरतात, म्हणून उलटं कधीच नाही. बीटलच्या टपाला पन्हळ आहे, तीच तुमची सीमा. टेप लावल्यावर कडेवर पांढऱ्याचाच एक हलका हात द्या, कुठं फट असेल तर पांढऱ्यानंच भरेल आणि मरून आत जाणार नाही. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, स्वतःवर दुमडत सावकाश ओढायची.

ग्राफवाली_ताई

नक्षीचं मी सांगते, जकार्डची (मागावर नक्षी विणायची पद्धत) डिझाइनं करते. साठ बाय नव्वद इंचाची चादर २४ नं भागली की ६.४ बाय ९.५ सेंटीमीटर होते. म्हणजे खऱ्या मापानं बघितलं तर टप एकाच चादरीत झाकला जाईल, आणि दहा सेंटीमीटरचं फूल ४ मिमीचं. चादरीचा फोटो छोटा करून छापलात तर नुसता चिखल दिसेल. आम्ही ग्राफच्या चौकोनांत फूल भरतो, तसंच करा. ९ बाय ९ चौकोनांत फूल बसवा, चौकोन अर्ध्या मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे फूल साडेचार मिलिमीटरचं होईल. मापाशी जुळतं आणि कोपरे पायऱ्यांचे दिसतात. त्या पायऱ्या दिसल्या तरच चादर वाटेल. पूर्ण टप भरू नका, फक्त चारी कडांची किनार घ्या. टप गोल आहे, किनारीच्या चार पट्ट्या वेगळ्या छापा, एकसंध कागद तिथं चुण्या पाडेल.

अशोकचौक_२४

ताई, काका, मनापासून आभार. किनारच करतो. वडिलांना विचारलं, ते म्हणाले कोपऱ्यात फूल पूर्ण यायला पाहिजे, कापलेलं नको. छपाई पारदर्शक डिकल कागदावर (पाण्यात भिजवून नक्षी चिकटवायचा कागद) करू का पांढऱ्या? आणि क्लिअर डिकलच्या वर मारायचा ना?

होटगीरोड_पेंटर

वडिलांचं ऐका, त्यांनी आयुष्यभर कोपरेच जुळवलेत.

कागद पारदर्शक. साध्या लेझर प्रिंटरला पांढरी शाई नसते, पण तुमचा टपच पांढरा, मग अडचण कुठं आहे? क्लिअर वरूनच, पण टीएस-१३ डिकलला खातो, विशेषतः पहिला हात ओला पडला तर. डिकल दोन दिवस वाळू द्या. मग अगदी दुरून धुक्यासारखे तीन-चार हात, मध्ये भरपूर वेळ, आणि शेवटीच एक ओला. उरलेल्या डिकलच्या तुकड्यावर, पांढऱ्या चमच्यावर, आधी हेच करून बघा.

खिडक्यांचं काळं रबर आणि क्रोमच्या पट्ट्या पॉलिशनंतर. आणि पॉलिशची घाई नको: बॉडी नाकाजवळ धरा, थिनरचा वास येतोय तोवर २००० चा पेपर लावायचा नाही.