सांगलीच्या पुराचे खापर एकट्या अलमट्टीवर कसे फोडता?

हरिपूरकर : "सांगली बुडते ती कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळेच, बाकी सारी चर्चा म्हणजे कर्नाटकाची वकिली," असे काल एका सदस्याने लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून हा धागा काढला आहे. कृष्णेला कऱ्हाडला कोयना, आमच्या हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते; या सगळ्या खोऱ्यांत एकाच आठवड्यात पाऊस कोसळला, तर नदीने जायचे कुठे? २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. त्यानंतर पुराची कारणे शोधण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील बांधकामे यांवर बोट ठेवले, अलमट्टीवर नव्हे. ओढे बुजवून त्यांवर घरे आपणच बांधली आहेत.

शिरोळचा शेतकरी : अहवाल वाचणाऱ्यांच्या गोठ्यात पाणी शिरले नव्हते. आम्ही मध्यरात्री म्हशींची दावी कापली. परत आलो तेव्हा गव्हाणीत वीतभर गाळ बसला होता आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. पूर आम्हाला नवा नाही, पण पूर्वी तो चढायचा तसा उतरायचा. आता उतरतच नाही, हे आमचे म्हणणे आहे. खाली हिप्परगी बंधारा आणि त्याच्या पुढे अलमट्टी भरलेले असताना फुगवटा, म्हणजे अडलेले पाणी मागे चढणे, होतच नाही, हे आमच्या दारात उभे राहून सांगा. त्यातच अलमट्टीच्या पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली आहे.

मळीतली वांगी : धरणांवर भांडताना काठच्या जमिनीचे नावही कुणी घेत नाही. माझ्या आजोबांच्या मळीच्या रानात पूर ओसरला की नुसत्या ओलीवर वांगी यायची. पुराने आणलेला गाळ हेच त्यांचे खत होते. आज तिथे नदीच्या धारेपर्यंत ऊस आहे. पाटाने अखंड पाणी पाजून आपण कृष्णाकाठची हजारो एकर जमीन क्षारपड केली. उन्हाळ्यात त्या रानावर मिठासारखा पांढरा थर चढतो आणि अनवाणी चालले की पाय चरचरतात.

शिरोळचा शेतकरी : उसाशिवाय कोणत्या पिकाला खात्रीचा भाव आहे, ते आधी सांगा! वांग्यांची पाटी बाजारात मातीमोल गेली, तेव्हा आपण कुठे होता?

मळीतली वांगी : त्याच बाजारातून रिकाम्या हाताने परतलेल्या घरातली मी मुलगी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला विचारू नका. ऊस बंद करा असे मी म्हटलेले नाही. पाणी बेताने द्या आणि चर काढून रानाचा निचरा करा, एवढेच म्हणते.

निवृत्त पाटबंधारे कर्मचारी : दोघेही एक गोष्ट विसरत आहात. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ऑगस्टच्या आरंभीच धरण काठोकाठ भरले, तर पुढच्या पावसासाठी जागा उरत नाही आणि येईल तेवढे पाणी खाली सोडावे लागते. मात्र जागा रिकामी ठेवली आणि पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात वीज आणि पाणी कुठून आणणार, हा घोर आम्ही दरवर्षी अनुभवला आहे.

हरिपूरकर : अलमट्टीची उंची वाढवण्यास माझाही विरोध आहे, हे नोंदवून ठेवतो. फुगवट्याचा अभ्यास शिरोळच्या शेवटच्या गावापर्यंत व्हावा, हेही मान्य.

शिरोळचा शेतकरी : मग मीही मान्य करतो की आमच्या गावच्या ओढ्यावर भराव पडला आहे आणि तो टाकताना आम्ही सगळे गप्प बसलो. पण तो काढायला लावाल, तेव्हा सुरुवात आमच्या झोपड्यांपासून करू नका. नदीकाठच्या मोठ्या बंगल्यांपासून करा.