मदत हवी आहे : नारिंगी पंखांचा हा पतंग नक्की कोणता? (इंदूर)

नमस्कार मंडळी, फोटो टाकलाय, जरा बघून सांगा प्लीज. आमच्या मागच्या अंगणात जामाचं झाड आहे (तुमचा पेरू हो, इंदुरात जामच म्हणतात), त्यावर रात्री टॉर्च मारला की हे महाशय पिकल्या फळात सोंड खुपसून निवांत बसलेले असतात. पंख मिटलेले असले की निव्वळ वाळकं पान, शिरांसकट! पण हुसकलं की मागचे पंख उघडतात आणि एकदम भडक नारिंगी, मधोमध काळा गोल ठिपका, कडेला काळी पट्टी आणि त्या पट्टीत पांढरे ठिपके. पोट पण नारिंगी. पंख पसरून 8-9 सेंमी सहज असेल.

आता घोळ असा की सासऱ्यांच्या जुन्या शेतीच्या पुस्तकात असाच एक 'ऑथ्रिस मॅटर्ना', कुळ नॉक्टुइडी म्हणून दिलाय, नेटवर तोच फोटो 'युडोसिमा मॅटर्ना', कुळ एरेबिडी म्हणून येतो, आणि शेजारचे काका छातीठोकपणे म्हणतात हा फुलोनिया. तर हे तीन वेगळे पतंग का एकच? शिवाय कुंपणावरच्या गुळवेलीवर काळपट अळ्या आहेत, बाजूला डोळ्यांसारखे ठिपके, बसताना डोकं खाली दुमडून मागची बाजू वर करतात. त्या याच्याच का? सासूबाई रोज काढ्याला गुळवेल तोडतात म्हणून विचारतेय, नाहीतर अळ्या राहिल्या असत्या तर राहिल्या असत्या.

प्रतिसाद १ :
ताई, मॅटर्नाच आहे. ऑथ्रिस आणि युडोसिमा एकच, प्रजातीचं नाव लिनियसने 1767 मध्येच दिलंय, नंतर फक्त वंश बदलला. कुळाचं म्हणाल तर डीएनएच्या अभ्यासानंतर नॉक्टुइडीमधले बरेच पतंग एरेबिडीत गेले, त्यात हाही गेला, जुनी पुस्तकं तिथेच राहिली. काकांचा फुलोनिया म्हणजे आताचा युडोसिमा फॅलोनिया, तो वेगळा. त्याच्या मागच्या पंखावर गोल ठिपका नसतो, स्वल्पविरामासारखी वाकडी काळी खूण असते. काकांना तेवढंच दाखवा. पुढच्या पंखावरून भांडू नका, त्यात नर-मादीच वेगळे दिसतात, मादीची नक्षी जास्त.

अळ्या याच वंशाच्या असणार, गुळवेल त्यांचं आवडतं खाणं, पण मॅटर्ना का फॅलोनिया ते फोटोशिवाय नाही सांगता येणार. काढ्याची पानं बघून, धुवून घ्या म्हणजे झालं.

प्रतिसाद २ :
आमच्याकडे मोसंबीवाले याला रस शोषणारा पतंग म्हणतात. सोंडेचं टोक कडक, दातेरी असतं, सालीला भोक पाडतो, मग तिथून फळ सडून गळतं. फवारणीच्या नादी लागू नका, घरचं एकच झाड आहे तर फळं पाडाला आली की पिशव्या बांधा.

मूळ धागाकर्ती :
थँक्यू! काकांना फोटो पाठवला, ते अजून झूम करून बघतायत. अळीचा फोटो उद्या उजेडात काढून टाकते.