‘एक रुपयाही देऊ नका’ या सल्ल्याने मिस्टरी शॉपिंगमधली फसवणूक टळत नाही

सुलेखा_ठाणे
काल इथे एकाने लिहिलं: “मिस्टरी शॉपिंगच्या नावाखाली फसतात ते लोभी. कामासाठी एक रुपयाही द्यायचा नाही, एवढं पाळलं की विषय संपला.” खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

मी हे काम करते: कंपनीच्या सांगण्यावरून साधं गिऱ्हाईक बनून जायचं आणि सेवा कशी मिळाली ते लिहून कळवायचं. बर्गरचं दुकान, बँक, पेट्रोल पंप. यात पहिला खर्च माझ्याच खिशातून होतो. अमुक कॉम्बो घ्या, रांगेत किती मिनिटं गेली ते बघा, बिल न मागता दिलं का, बेसिनपाशी साबण होता का, पंपावर मीटर शून्यावर असल्याचं दाखवलं का. रिपोर्ट त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, बिलाच्या फोटोसकट. फी दोन-चारशे रुपये, आणि बिलाची रक्कम महिना-दीड महिन्याने. म्हणजे आधी खर्च, मग परतावा, हीच खऱ्या कामाची रीत. चोर तीच रीत उचलतो, त्यामुळे तुमचा नियम नेमका नव्या माणसाच्या कामाला येत नाही. त्याने बघायचं ते हे: पैसे दुकानाच्या गल्ल्यात जाऊन हातात वस्तू आणि बिल येतंय, की कुणा ‘को-ऑर्डिनेटर’च्या यूपीआयवर जातायत?

रोखठोक_सातारा
लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही. माझ्या भाच्याला टेलिग्रामवर ‘हॉटेलला रेटिंग द्या, हेच मिस्टरी शॉपिंग’ म्हणून ओढलं. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच खात्यात आले. मग ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. याला काम म्हणतात की मटका? तासाभरात तीस टक्के कोण देतं, हे इंजिनिअर झालेल्या पोराला कळू नये? लोभ नाही तर काय?

माहेर_परभणी
दादा, जरा तोंड सांभाळून. माझ्या जावेचे पैसे असेच गेले. ग्रुपमधले बाकीचे रोज ‘पैसे आले’ म्हणून स्क्रीनशॉट टाकत होते, ते सगळे त्यांचेच लोक. पुढे तिला सांगितलं, तुम्ही ऑर्डर चुकीची भरलीत, तुमच्यामुळे पाच जणांचे पैसे अडकले. त्यातली एक बाई रडत व्हॉइस मेसेज पाठवायची, मुलाची फी भरायची आहे म्हणून. जावेने पाटल्या गहाण ठेवल्या त्या स्वतःच्या फायद्यासाठी नाही, त्या बाईचे पैसे सुटावेत म्हणून. तुमच्यासारखे ‘लोभी’ म्हणतील या भीतीने तिने घरात महिनोन्महिने तोंड उघडलं नाही.

एडिसन_न्यूजर्सी
इकडे पद्धत वेगळी. कुरिअरने हजार-दोन हजार डॉलरचा चेक येतो. भरा, तुमची फी ठेवा, उरलेल्यातून अमुक दुकानात गिफ्ट कार्डं घेऊन ‘काउंटरची सेवा तपासा’, आणि कार्डामागचे नंबर खरवडून फोटो पाठवा. बँक एक-दोन दिवसांत रक्कम वापरायला देते, म्हणून चेक वटला असं वाटतं. काही आठवड्यांनी तो खोटा निघतो आणि बँक सगळे पैसे तुमच्याकडून वसूल करते. इथे रोखठोकांचा नियम अजिबात लागू पडत नाही, कारण सुरुवातीला पैसे तेच देतात! आपली शिकायला आलेली मुलं यात सापडतात. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, म्हणून तक्रार करायलाही घाबरतात.

शोरूमवाला
फसवणुकीबद्दल एवढं बोलताय, मग आमचंही ऐका. मी दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सला होतो. पाडव्याचा दिवस, डिलिव्हरीची रांग, पूजेचे हार, पेढे, आणि फ्लोअरवर आम्ही दोघं. एक जण येऊन एक्सचेंजचा भाव पुन्हा पुन्हा विचारत बसला. नंतर कळलं, मिस्टरी शॉपर. रिपोर्टमध्ये ‘टेस्ट राइड विचारली नाही’. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. गिऱ्हाईक बनून खोटं बोलणं हेच तुमचं काम, आणि वर प्रामाणिकपणाच्या गोष्टी?

सुलेखा_ठाणे
विषय भरकटतोय, पण उत्तर देते. मी दिसलं तेवढंच लिहिते. पंपावर मीटर शून्य न करता पेट्रोल सोडणारा माझ्यासमोर असेल तर त्याचं नाव लिहायचं नाही? गिऱ्हाइकाच्या बाजूने कुणी तरी बघायला हवं.

शोरूमवाला
गिऱ्हाइकाच्या बाजूने नाही, कंपनीच्या बाजूने. माणसं वाढवायची नाहीत आणि हसला की नाही याचे मार्क कापायचे. तुम्ही दहा मिनिटं थांबून जाता, आम्ही रात्री नऊपर्यंत उभे.

माहेर_परभणी
शोरूमवाल्या भाऊंचं दुखणं खरं आहे. आणि त्यातच माझ्या जावेचं उत्तरही आहे. या कामात ओळख लपवायचीच असते, म्हणून ‘कुणाला सांगू नका’ हे तिला खटकलं नाही.

सुलेखा_ठाणे
हे मात्र लाखमोलाचं बोललात. खरी कंपनी म्हणते, दुकानात ओळख देऊ नका. घरच्यांपासून किंवा बँकेपासून लपवा असं ती कधी म्हणणार नाही. आणि कंपनी तपासायची असेल तर एमएसपीए या मिस्टरी शॉपिंग कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर सदस्य कंपन्या बघा. नुसत्या लोगोवर जाऊ नका, तो कुणीही चिकटवतो. काम कंपनीच्या पोर्टलवर आपण नोंदणी करून मागायचं असतं, नोंदणीला फी नसते.

निवृत्त_बँकवाला
भांडण चालू द्या, पण पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवून. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळलं तर अडवता येते, उद्यावर टाकलं की हातची जाते. पाठोपाठ राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे असतात, खातं तुमचं गोठतं आणि पोलिसांचं पत्र तुमच्या घरी येतं.

रोखठोक_सातारा
ठीक. चेकचं मला माहीत नव्हतं, आणि पाटल्यांचं वाचून ‘लोभी’ हा शब्द सगळ्यांना लावता येणार नाही, एवढं मान्य. भाच्याबद्दलचं मत तेच. त्याला कुणाचे पैसे सोडवायचे नव्हते.

शोरूमवाला
माझ्या प्रश्नाचं काय? तुमच्या रिपोर्टमध्ये गर्दी किती होती हे कुठे येतं का?

सुलेखा_ठाणे
मी केलेल्या शोरूमच्या कामांत दोन रकाने होते: त्या वेळी ग्राहक किती, कर्मचारी किती. मी दोन्ही भरते. तुमच्या मॅनेजरने फक्त मार्क दाखवले असतील, तर पुढच्या वेळी पूर्ण रिपोर्ट मागा.

शोरूमवाला
पूर्ण रिपोर्ट आम्हाला कुणी कधी दाखवलाच नाही. जुन्या सहकाऱ्यांना सांगतो.