५१ रोपं आणि कार्बनमुक्त सोसायटी

*वानखेडे (बी-३०२):* '५१ रोपं लावू, सोसायटी कार्बनमुक्त करू' हे बॅनर कोणी छापायला दिलं? मागच्या ५ जूनच्या रोपांपैकी गेटजवळचा कडुनिंब तेवढा जिवंत आहे. बाकी सगळी मेमध्ये वाळली.

*सेक्रेटरी:* वानखेडेजी, चांगल्या कामात मोडता नको 🙏 प्रत्येकाने एक झाड लावलं तर तापमानवाढ थांबेलच. शिवाय गच्चीवर सोलर येतंय. सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे.

*वानखेडे (बी-३०२):* घ्या ना सबसिडी, नाही कोण म्हणते? पण ती लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या लाइटसाठी. १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटच्या आसपास, तेही ऊन असेपर्यंत. रात्री २ वाजता आपले एसी कशावर चालतात? कोराडीच्या वीज केंद्रातल्या कोळशावरच ना?

*बोबडे (सी-२०१):* मी ईव्ही घेतली बाप्पा, माझं पाप फिटलं 😄

*मेश्राम (ए-४०३):* पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरी आहेच. पण पार्किंगच्या कॉमन पॉइंटवर रातभर चार्ज करून राहिले, ते बिल कोण भरते भाऊ?

*बोबडे (सी-२०१):* पर्सनल नका होऊ. तुमच्या बोअरिंगच्या थकबाकीवर मी कधी बोललो?

*जोशी काकू (ए-१०४):* माझ्या जागेवर पांढरी गाडी कोणाची आहे?

*वानखेडे (बी-३०२):* पुन्हा सांगतो, झाडांना विरोध नाही. गट्टू (पेव्हर ब्लॉक) खोडाला टेकवून बसवलेत, आळ्याला जागाच नाही. पाणी मुरणार कुठून? आधी ते काढा.

*कुलकर्णी काका (ए-२०२):* २३ सप्टेंबर २०२३ आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी आपल्या मीटर रूममध्ये शिरलं. मीटर अजून तिथंच खाली आहेत. मी तीन मीटिंगमध्ये बोललो. तो खर्च 'नंतर बघू', आणि बॅनरला लगेच मंजुरी?

*सेक्रेटरी:* काका, तो विषय वेगळा आहे.

*कुलकर्णी काका (ए-२०२):* वेगळा कसा? पावसाचं तंत्र बिघडतंय म्हणून तर हे सगळं चाललंय ना?

*मेश्राम (ए-४०३):* गच्चीला पांढरा रंग मारा. वरच्या मजल्यावर आम्ही भाजून निघतो. जगाचं नंतर पाहू.

*वानखेडे (बी-३०२):* मारा. पण त्याचंही 'कार्बनमुक्त' बॅनर नका लावू. आणि गट्टू काढा.

*सेक्रेटरी:* बॅनर छापून आलं आहे, आता बदलता येणार नाही. रविवारी सकाळी ८ वाजता जमावे. नाश्त्याला तर्री-पोहे आहेत, संख्या कळवावी.

*बोबडे (सी-२०१):* ४

*जोशी काकू (ए-१०४):* २, एक बिनतर्रीचा

*वानखेडे (बी-३०२):* ३. सब्बल मी घेऊन येतो, गट्टू काढायला.